शेवटच्या बोल्टाचा हट्ट

हौशी माणसाने घरच्या गॅरेजात बांधलेल्या विमानाला इंजिन चढवणं हे बघणाऱ्याला चेनपुलीचं काम वाटतं. अमेरिकेत व्हॅन्स कंपनीच्या 'आरव्ही' विमानांच्या किटांवर अनेकदा लायकमिंगचं ओ-३६० इंजिन बसतं: चार सिलिंडर, १८० अश्वशक्ती, वजन सव्वाशे किलोच्या आसपास. पण वजन पुलीवर सोपवता येतं. हाताचं काम पुढे सुरू होतं. बोल्ट अडला तर जोर लावायचा की हात आवरायचा? हा प्रश्न या जोडणीत दोन ठिकाणी येतो आणि दोन्हींची उत्तरं परस्परांच्या उलट असतात.

पहिलं ठिकाण फायरवॉलचं. स्टेनलेस स्टीलचा हा पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. तो आग अडवतो, इंजिन पेलत नाही. भार जातो ४१३० क्रोममॉली पोलादाच्या नळ्यांच्या माउंटमधून पत्र्यामागच्या ब्रॅकेटांत आणि तिथून विमानाच्या सांगाड्यात. इथे धातूला धातू भिडतो, मध्ये लवचीक काहीच नाही. शेवटचं भोक केसभर सरकलेलं असताना बोल्ट ठोकून घातला तर तो जाईल, पण नळ्या कायमच्या ताणात राहतील आणि इंजिनाच्या थरथरीने वेल्डजवळ तडा जायला तेवढं निमित्त पुरतं. म्हणून इथे सगळे बोल्ट सैल करून माउंट पुन्हा टेकवून पाहायचं. दुसरं ठिकाण माउंटच्या इंजिनाकडच्या टोकाचं. डायनाफोकल माउंटमध्ये चारही बोल्टांचे अक्ष कललेले असतात, 'टाइप १'मध्ये ३० अंशांनी, असे की पुढे वाढवले तर इंजिनाच्या गुरुत्वमध्याच्या आसपास एकत्र यावेत. प्रत्येक बोल्टावर रबराच्या जाड गाद्या. त्या दाबल्याशिवाय शेवटचा बोल्ट भोकासमोर येतच नाही. पुली बोटभर वर-खाली करत, पहारीचा टेकू देत रबर नमवावंच लागतं. फायरवॉलवरचा संयम इथे वापरणारा दिवसभर नुसता बसून राहील.

मग रबर हवंच कशाला? चार सिलिंडरांचा प्रत्येक धक्का थेट सांगाड्यात गेला तर उपकरणं आणि रिव्हेट दोन्ही थकतात, म्हणून. अर्थात रबर फुकट मिळत नाही. त्याने इंजिन विजेपासूनही तुटतं. अर्थिंगची जाड पट्टी विसरली तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो आणि ती जाळू शकतो. शिवाय गाद्या काळाने बसतात, प्रोपेलरवरचा स्पिनर खाली झुकतो. म्हणून जाणकार बांधणारे सुरुवातीलाच तो किंचित वर ठेवतात.

टॉर्क पाना आकडा दाखवतोच, मग हाताच्या पारखीचं एवढं काय, असा खरा आक्षेप आहे. पाना मोजतो ते नट फिरवायला लागलेलं बळ. ते बळ बोल्ट ताणण्यात गेलं की वाकडी नळी ओढून आणण्यात, हे त्याला कळत नाही. बोल्ट अडला हे फक्त हाताला कळतं, आणि तेही पाना लावण्याआधी. मग असं काम शिकलेल्या मेकॅनिकलाच का देऊ नये? देता येतं, पण अमेरिकी नियमाप्रमाणे अशा विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनी स्वतःच्या शिक्षणासाठी वा विरंगुळ्यासाठी बांधलेला असावा लागतो. शिवाय नंतर दर तपासणीला इंजिनावरचं काउलिंग उतरवून त्याच नळ्यांच्या सांध्यांवर बॅटरी मारणाऱ्याला कुठला बोल्ट सहज गेला आणि कुठला गेला नाही हे ठाऊक असेल, तर तडा शोधायला सुरुवात कुठून करायची हेही ठाऊक असतं.