श्रीलंकेची सहल : आधी पाऊस पाहा, मग नकाशा

आयुष्यात एकदा तरी श्रीलंका पाहावी, अशी इच्छा आपल्या संस्थेच्या बहुतेक सभासदांच्या मनात असते. मे १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बौद्ध परिषदेच्या निमित्ताने त्या देशात गेले होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. परंतु सामान्य कुटुंबाला अशी सहल अनेक वर्षे पैसे साठवून एकदाच करता येते. मुलांची सुटी पाहून तारीख ठरते, तिकिटे निघतात, आणि तेथे गेल्यावर कळते की समुद्र खवळलेला आहे व डोंगर ढगात बुडालेला आहे. हा प्रसंग टाळता यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लहान देश, दोन पावसाळे

श्रीलंकेचे क्षेत्रफळ सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम एक-पंचमांश आहे. एवढ्याशा बेटावर नारळीचे किनारे, कोरडी जंगले, चहाचे मळे आणि २,५२४ मीटर उंचीचे पिदुरुतलागल शिखर आहे. बेटाच्या मध्यभागी असलेले हे डोंगर वारा अडवतात. महाबळेश्वरला धो-धो पाऊस पडत असताना पूर्वेकडे माण-खटाव कोरडे राहतात, तोच प्रकार येथेही घडतो. फरक एवढाच की येथे वारे दोन आहेत. मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा वारा कोलंबो, गॉल व डोंगरांच्या पश्चिम उतारावर पाऊस पाडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्येचा वारा उत्तर व पूर्व भाग भिजवतो. म्हणून बेटाचा एक भाग भिजत असतो, तेव्हा बहुधा दुसरा कोरडा असतो. आपण कोणत्या महिन्यात जाणार, हे ठरले की कोणता भाग पाहायचा ते आपोआप ठरते.

मे महिन्याची सुटी

शाळांना मेमध्ये सुटी असते, तेव्हा उत्तर-मध्य व पूर्व भाग निवडावा. पहिले दोन मुक्काम अनुराधपूरला करावेत. येथील महाबोधी वृक्षाची फांदी संघमित्रेने इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात आणली, अशी परंपरा आहे. मिहिंतले तेथून जवळच आहे. नंतरचे दोन मुक्काम सिगिरिया परिसरात करावेत. राजा कश्यपाने पाचव्या शतकात तेथे एका प्रचंड खडकाच्या माथ्यावर राजवाडा बांधला. चढायला सुमारे १,२०० पायऱ्या आहेत. उन्हाचा ताप टाळण्यासाठी सकाळी दार उघडताच चढावे. याच मुक्कामातून पोलोन्नरुवा येथील दगडात कोरलेल्या भव्य बुद्धमूर्ती पाहून होतात. पुढचे दोन दिवस त्रिंकोमालीला द्यावेत. या दिवसांत तेथील समुद्र शांत असतो, आणि निलावेलीजवळच्या पिजन बेटाभोवती पाण्यात तोंड घालून प्रवाळ व मासे पाहता येतात. परतताना एक रात्र कँडीला, दंतधातू मंदिरासाठी राखावी.

वेसाक पौर्णिमा बहुधा याच महिन्यात येते. रस्तोरस्ती कंदील लागतात, वाटसरूंना मोफत जेवण दिले जाते. त्या वर्षीची श्रीलंकेतील तारीख मात्र आधी पाहून घ्यावी.

नाताळची सुटी

डिसेंबरअखेरीस दक्षिणेकडे व डोंगरांकडे वळावे. श्रीपाद पर्वताचा यात्राकाळ डिसेंबरच्या पौर्णिमेला सुरू होऊन वेसाकपर्यंत चालतो. उंची २,२४३ मीटर, पायऱ्या पाच हजारांहून अधिक. रात्री चढून माथ्यावर सूर्योदय पाहायचा, ही रीत आहे. माथ्यावरील पाऊलखूण बौद्ध बुद्धांची मानतात, हिंदू शिवाची, तर मुसलमान व ख्रिस्ती आदमची. एकाच पायवाटेने सर्वजण चढतात, हे विद्यार्थ्यांनी विशेष पाहण्याजोगे आहे. वर थंडी असते, स्वेटर विसरू नये.

हॉर्टन पठारावर आठशे मीटरहून खोल तुटलेला कडा आहे. नऊ-दहानंतर ढग येतात, म्हणून पहाटेच निघावे. धाडसाची आवड असणाऱ्यांसाठी कितुलगलला केलनी नदीच्या उसळत्या पाण्यातून रबरी होडीचा प्रवास आहे, मिरिस्साला देवमासे आहेत, याला येथे बिबळे आहेत. हे सर्व एका आठवड्यात बसत नाही. कोणतेही दोन निवडावेत.

दिवाळीच्या सुटीत शक्यतो जाऊ नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळजवळ सर्व बेटावर पाऊस असतो व वादळांचा धोका असतो. नोव्हेंबर २०२५ मधील दितवाह चक्रीवादळाने मोठी प्राणहानी केली, डोंगरातील रस्ते व रेल्वेमार्गही उद्ध्वस्त केले. कँडी ते एल्ल हा रेल्वेप्रवास योजनेत धरण्यापूर्वी गाडी सुरू आहे ना, याची खात्री करावी.

काही व्यवहाराच्या गोष्टी

नकाशावरील अंतरांना भुलू नये. घाटातील वळणांमुळे शंभर किलोमीटरला तीन तासही लागतात. रोज मुक्काम हलवल्यास निम्मी सहल गाडीतच जाते, आणि बरोबरच्या वृद्धांचे हाल होतात. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटापूर्वी सरकारी संकेतस्थळ पाहावे. पासपोर्ट जवळ ठेवावा, कारण काही स्थळांवर सार्क देशांच्या नागरिकांना प्रवेशशुल्कात सवलत मिळते.

विहारात खांदे व गुडघे झाकणारे कपडे हवेत. पादत्राणे व टोपी बाहेर ठेवावी लागते. दुपारी फरशी पोळते, तेव्हा मोजे उपयोगी पडतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे तेथे अपमान समजला जातो. मूर्तीचे चुंबन घेतानाचे फोटो काढल्याबद्दल २०१२ मध्ये फ्रेंच पर्यटकांना न्यायालयाने शिक्षा सुनावली होती.

विद्यार्थी मित्रांनी घरच्यांसाठी एक काम करावे. श्रीलंकेचा नकाशा काढून प्रत्येक मुक्कामापुढे त्या महिन्यात कोणता वारा वाहतो ते लिहावे. जेथे पाऊस दिसेल ते ठिकाण वगळावे. उरेल ते थोडेच असेल, पण वडीलधाऱ्यांना घेऊन स्वस्थपणे पाहता येईल.