वानराच्या पोटातली गाय

या रे पोरांनो, बसा. उद्या भद्रावतीहून मोहर्लीच्या गेटातून ताडोब्यात जायचं म्हणता ना? वाघ दिसेल न दिसेल, त्याने काही कोणाला लिहून दिलेलं नाही. पण तलावाच्या काठी वानरं हमखास भेटतील. १९५५ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हापासून माणसं त्या काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या प्राण्यासमोरून भरधाव जातात अन् वाघ शोधतात. तुम्ही मात्र गाडी थांबवायला सांगा.

आता सांगा, गाय पाला खाऊन जगते, आपण का नाही? पानाच्या पेशींची भिंत फोडणारा पाचकरस आपल्याकडे नाही. तो गाईकडेही नाही बरं! तिच्या पोटातले जिवाणू पाला आंबवून देतात. वानराचं पोटही तसंच कप्प्याकप्प्यांचं. सकाळी पाला ओरपला की दुपारभर ते फांदीवर पोट सांभाळत बसतं. तुम्हाला वाटेल, आळशी आहे. अरे, आत मोहाचा सडवा घातलेला असतो! (हे उदाहरण आजीला सांगू नका.)

पुढे ऐका. जिवाणूंनी पाला खाल्ला, मग जिवाणूंचं काय? गाय अन् वानर त्यांनाही पचवतात! त्यासाठी लागतं लायसोझाइम नावाचं विकर. तुमच्या आसवांत, लाळेत तेच असतं, पण तिथे ते रोगजंतूंवर पहारा करतं. या दोघांनी आपापल्या वाटेने त्या पहारेकऱ्याला पोटात नेऊन कामाला लावलं. १९८७ साली शास्त्रज्ञांनी दोघांचं लायसोझाइम ताडून पाहिलं, तर जठराच्या आम्लात टिकण्यासाठी त्यात झालेले काही बदल अगदी सारखे निघाले. नात्याने वानर आपलं, गाय लांबची. आणि पोटात बघावं तर हे!

खाताना मात्र वानर मोठं उधळं. चार पानं खाईल, चार टाकेल. उन्हाळ्यात गवत वाळलं की त्या टाकलेल्या पाल्यासाठी चितळं झाडाखाली जमतात. चितळाचं नाक तिखट, वानराची नजर उंचावरून लांब पोचणारी. वाघ-बिबट्याची चाहूल ज्याला आधी लागेल तो ओरडतो अन् दोघंही सावध होतात. तरी गाईडला विचारून बघा. चितळ नुसत्या संशयानेही ओरडतं, वानर बहुधा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाही. म्हणून झाडावरून ‘खक् खक्’ ऐकू आलं की तो ड्रायव्हरला म्हणतो, ‘घे वळवून!’