तेलगावच्या उसाची केस जिनिव्हात. निकाल लागला, पण अडकला

तेलगाव : गाळप सुरू झालं की लोकनेते सुंदरराव सोळंके कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. उसाला किमान किती भाव द्यायचा, हे केंद्राच्या एफआरपीवर ठरतं. याच एफआरपीवर स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात केस चालली, हे फार थोड्यांना माहीत आहे.

2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या देशांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. भारत उसाला मर्यादेपेक्षा जास्त आधार देतो, वर साखर निर्यातीला अनुदान देतो, त्यामुळे जगात साखरेचे भाव पडतात, असं त्यांचं म्हणणं. निर्यातीला मदत होती, हे खरंच. 2019-20 च्या हंगामात टनाला 10,448 रुपयांपर्यंत.

भारताने सांगितलं, एफआरपीचे पैसे कारखाना देतो, सरकारच्या तिजोरीतून जात नाहीत. मग आधार कसला? ते पटलं नाही. भाव सरकार ठरवतं ना, मग झालं.

खरी गोम हिशेबात आहे. भारताला एखाद्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंतच आधार देता येतो. पण तो मोजताना आजच्या भावातून 1986-88 चा जागतिक भाव वजा करतात. 2018-19 ची एफआरपी क्विंटलला 275 रुपये होती. तेव्हापासून डिझेल, खत, तोडणी कुठल्या कुठे गेली, पण ती महागाई गणितात धरलीच नाही. अशा मापाने मोजल्यावर मर्यादा ओलांडणारच.

14 डिसेंबर 2021 ला निकाल भारताविरुद्ध गेला. त्यानंतर भारताने अपील केलं. आता गंमत अशी, की अपील ऐकायला किमान तीन सदस्य लागतात आणि अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर 2019 पासून ते मंडळच बंद पडलंय. कोर्ट आहे, जज नाही. त्यामुळे निकाल लागू होत नाही. लागू झाला असता आणि भारताने पाळला नसता, तर त्या देशांना भारतीय मालावर जादा कर बसवता आला असता.

एफआरपी मात्र वाढतच गेली. 2025-26 साठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये. निर्यात अनुदान 2020-21 नंतर थांबलं. 2023-24 मध्ये तर साखर निर्यातच बंद होती आणि जानेवारी 2025 मध्ये फक्त 10 लाख टनांना परवानगी मिळाली. ही अडवणूक जिनिव्हाची नव्हती, दिल्लीची होती.