वार्षिकांकातली एक खाडाखोड

परवा दिवाळीच्या साफसफाईसाठी मौद्याच्या घरी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. पेटीत काय असणार? वडिलांच्या शेतीच्या पावत्या, आईचे एक जुने लुगडे, माझ्या नोकरीतले बदल्यांचे कागद. आणि तळाशी, वाळवीच्या तावडीतून कसे सुटले कोण जाणे, कॉलेजचे तीन वार्षिकांक. १९७८-७९, १९७९-८० आणि १९८०-८१. साफसफाई तिथेच थांबली. बायको दोनदा हाक मारून गेली. मी आपला पायरीवर बसून पाने उलटत होतो.

अमेरिकेत इयरबुक नावाचा प्रकार असतो. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचा फोटो असतो आणि मित्रमैत्रिणी त्यावर सह्या करून चार शब्द लिहून देतात. आमच्याकडच्या वार्षिकांकाची तऱ्हा वेगळी. तो अर्धा अहवाल आणि अर्धा दिवाळी अंक. आरंभी प्राचार्यांचे मनोगत, मग मराठी, हिंदी, इंग्रजी असे विभाग, मध्ये गुळगुळीत कागदावर छायाचित्रे, आणि शेवटी कापडदुकान, सायकलदुकान, औषधदुकान यांच्या जाहिराती. वर्गातल्या सगळ्यांचे फोटो कधीच नसत. एन.सी.सी., क्रीडा मंडळ, वाङ्मय मंडळ यांतल्या कशात तरी तुम्ही असलात, तरच ‘उभे, डावीकडून चौथे’ म्हणून इतिहासात तुमची नोंद. बाकीच्यांनी तीन वर्षे फी भरली याला पुरावा फक्त कार्यालयाच्या रजिस्टरात.

आमच्या नागपूरला या परंपरेचे मोठे वेड. हिस्लॉप कॉलेज १८८३चे, मॉरिस १८८५चे, विद्यापीठ १९२३चे. आमच्या काळात स्वतः ग्रेस मॉरिसमध्ये मराठी शिकवीत असत. ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७ साली आली होती आणि तिचा परिणाम शहरातल्या प्रत्येक होतकरू कवीवर झाला होता. आमच्या १९७९-८०च्या अंकातल्या कविता आज मोजल्या. चौदांपैकी नऊ कवितांत संध्याकाळ आहे. त्यांतली एक माझी आहे. तिच्याबद्दल अधिक न बोललेले बरे.

पण याच अंकात त्या वर्षाचा सगळा श्वास सापडतो. जुलै १९७९मध्ये स्कायलॅब कोसळणार म्हणून गावोगाव लोक आभाळाकडे बघत होते. त्यावर एक विनोदी लेख आहे. मदर तेरेसांना नोबेल मिळाले, त्यावर एका मुलीचा निबंध आहे. तिच्या नावाआधी ‘कु.’ छापायला कोणी विसरलेले नाही. १६ फेब्रुवारी १९८०चे सूर्यग्रहण कर्नाटकात खग्रास होते, आपल्याकडे खंडग्रास. तरी त्या दुपारी नागपूरचे रस्ते ओस पडले होते. ‘ग्रहण आणि अंधश्रद्धा’ हा लेख लिहिणारा आमचा वर्गमित्र त्या दिवशी स्वतः दारे लावून घरात बसला होता, हे अंकात नाही. वार्षिकांक सगळेच सांगत नाहीत. काही गोष्टी तर ते चक्क चुकीच्या सांगतात. मला आज बोलायचे आहे ते त्याबद्दल.

त्या अंकाचा विद्यार्थी संपादक मी होतो. मौद्याहून रोज एस.टी.ने पस्तीस किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे. कन्हान नदीवरचा पूल ओलांडताना खिडकीशी बसायला मिळाले की दिवस चांगला जाणार, अशी आमची समजूत. माझ्याबरोबर जवळच्याच एका खेड्यातला मित्र असे. घरी धानाची चार बांध्यांची शेती, वडील लवकर गेलेले, आई दुसऱ्यांच्या शेतात रोवणीला जायची. तो वर्गात फारसा बोलत नसे. एस.टी.त मात्र बोलायचा, आणि असे बोलायचा की कंडक्टरही तिकिटे फाडायचा थांबायचा.

एके दिवशी त्याने वहीचे एक पान माझ्या हातात दिले. ‘रोवणी’ नावाची कविता होती. कमरेत वाकून दिवसभर चिखलात उभी असलेली आई, तिच्या हातातली पऱ्ह्यांची जुडी, आणि संध्याकाळी तिच्या पायांच्या बोटांत राहिलेला चिखल. ग्रेसांची संध्याकाळ नव्हे, मजुरी मिळण्याची संध्याकाळ. सगळी कविता आमच्या गावच्या बोलीत होती. मला ती आवडली. फार आवडली. आणि म्हणूनच मी ती ‘सुधारली’.

‘पऱ्हे’चे मी ‘रोपे’ केले. ‘बांधी’चे ‘शेत’ केले. ‘माय’ची ‘आई’ केली. ‘मले’, ‘तुले’ या रूपांना शिस्त लावली. तिसरी ओळ मला अडाणी वाटली, ती काढून तिथे माझ्या पदरची एक ओळ घातली. त्याला विचारले नाही. वेळही नव्हता, कारण छापखान्यात खिळे जुळवणारा घाई करीत होता आणि गॅलीचे प्रूफ त्याच संध्याकाळी परत द्यायचे होते. पण खरे सांगायचे तर वेळ असता तरी मी विचारले नसते. आपण मित्रावर उपकार करतो आहोत अशीच माझी भावना होती.

अंक हातात आला तेव्हा आम्ही एस.टी.त होतो. त्याने कविता वाचली, पुन्हा वाचली. मग अंक मिटून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, “हे माही कविता नोहोय बे.” मी म्हटले, “अरे, छापायचं म्हणजे शुद्ध नको का?” तो म्हणाला, “आपल्या घरी रोपं कोण म्हणते? मायले वाचून दाखवली, त तिले समजाचंच नाही.” पूल आला आणि गेला. खिडकी त्याच्याकडे होती, पण तो बाहेर बघत नव्हता.

पुढच्या वर्षी तो कॉलेजात आला नाही. कारण माझी दुरुस्ती नव्हती. घरी काम करणारे दुसरे कोणी नव्हते, हे कारण होते. तरीही १९८०-८१च्या अंकात ग्रुप फोटो बघताना मला ‘उभे, डावीकडून’ असे म्हणत त्याला शोधावेसे वाटते, आणि तो तिथे नसतो.

माझ्या अज्ञानाला सबब नव्हती, हे मला फार उशिरा कळले. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली होती. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६०ची. त्यातली माणसे वऱ्हाडी बोलतात म्हणून ती कादंबरी कोणाला अडाणी वाटली नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९०५ साली, ग्रियर्सन साहेबाने भारतीय भाषांच्या पाहणीच्या मराठी खंडात नागपुरी बोलीची दखल घेतली होती. एका ब्रिटिश अधिकाऱ्याला जी भाषा नोंदवून ठेवावी असे वाटले, ती मौद्याच्या पोराने मौद्याच्याच पोराच्या कवितेतून खोडून टाकली. पुढे त्याच बोलीत मी कादंबऱ्या लिहिल्या. ‘मातीचा अस्सल वास’ वगैरे अभिप्राय मिळवले. प्रत्येक वेळी मला ती एस.टी. आठवली, पण हे मी कोणाला सांगितले नाही.

बँकेत मी तीस-पस्तीस वर्षे काढली. तिथला पहिला धडा म्हणजे खाडाखोड. चेकवर एक अक्षर जरी बदललेले दिसले, तरी आमच्या वेळी तिथे खातेदाराची पूर्ण सही लागे. सही नसेल तर चेक परत. खातेदार कितीही ओळखीचा असो, हेतू कितीही चांगला असो. दुसऱ्याच्या कागदावर आपल्या हाताने दुरुस्ती करायची नाही. हजारो चेक मी या कारणासाठी परत केले असतील. त्या एका कवितेला मात्र हा नियम लावायला मला पंचेचाळीस वर्षे लागली.

पेटी सापडली त्याच संध्याकाळी अंक पिशवीत घालून त्याच्या गावी गेलो. आता मौदा ओळखू येत नाही. २०१३च्या सुमारास औष्णिक वीज प्रकल्प सुरू झाला. आज त्याची क्षमता २३२० मेगावॉट आहे आणि त्याच्या चिमण्या दूरवरून दिसतात. पण धान अजून होतो आणि रोवणीच्या दिवसांत बाया अजून चिखलात वाकतात. मित्र अंगणात खाटेवर बसला होता. वहिनींनी चहा ठेवला. मी अंक उघडून त्याच्या पुढे धरला.

त्याचा नातू वाकून बघत होता. “आबाजी, तुम्ही कविता लिवत होते?” तो हसला. “मी नाही. ह्यानं लिवली होती.”

मी पेन काढून दिले. म्हटले, “आता तू दुरुस्त कर.” त्याने चष्मा लावला. ‘रोपे’वर काट मारली, वर ‘पऱ्हे’ लिहिले. ‘आई’वर काट, वर ‘माय’. एक-एक शब्द त्याला पाठ होता. तिसऱ्या ओळीशी मात्र पेन थांबले. माझी ओळ त्याने खोडली, पण तिच्या जागी काही लिहिले नाही. बराच वेळ गेला.

“आठवत नाही का?”

“ते गेली,” तो म्हणाला. “मायले एकडाव म्हणून दाखवली होती. आता मायच नाही, त इचारू कोणाले?”

मी काय बोलणार? ती ओळ मी छापली असती, तर आज ती तिथे असती.

आपल्याही माळ्यावर असे अंक असतील. फोटोत आपण कुठे उभे आहोत ते जरूर बघा. पण फोटोत कोण नाही आणि आपल्या हातून कोणाची ओळ पुसली गेली, हेही एकदा आठवून बघा. तो माणूस जवळपास असेल, तर जाऊन या. आमच्या वयात हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नये.

निघताना मी पान पुन्हा त्याच्यापुढे केले. “खाडाखोड केलीस ना, मग शेजारी सही कर.” त्याने माझ्याकडे बघितले आणि पहिल्यांदा मोठ्याने हसला.

“रिटायर झाला, तरी सही मांगूनच राहिला का बे तू?”

पण केली. पूर्ण नावाने.