बेटावरचा शेवटचा दिवस पाण्याबाहेरच

दिवाळीची सुट्टी लागली, की अलीकडे आपल्या खुटबाव-केडगाव भागातली कुटुंबेही अंदमानला निघतात. सहलीचा शेवटचा दिवस उजाडतो. विमान दुपारचे, सकाळ मोकळी. श्रीविजयपुरमजवळच्या (२०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर) नॉर्थ बे बेटावर मुले हट्ट धरतात, ‘नळी लावून पाण्याखाली जायचे राहिलेच!’ मोठी माणसेही ‘एवढा खर्च केलाच आहे’ म्हणून हो म्हणतात. हा होकार अंगाशी येऊ शकतो.

असे का? आपण घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू असतो. एरवी तो शरीराला त्रास देत नाही. पण समुद्रात १० मीटर खोल गेल्यावर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. अशा वेळी टाकीतली हवा श्वासात घेतली, की जादा नत्रवायू रक्तात व स्नायूंत विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू बाहेर पडतो. त्याला काही तास लागतात.

विमान उंच गेल्यावर आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका उतरतो. सोड्याच्या बाटलीचे बूच उघडताच जसे बुडबुडे उसळतात, तसे शरीरात उरलेल्या नत्रवायूचे बुडबुडे होऊ शकतात. ते सांध्यांत अडकले तर ठणका लागतो. मेंदूत किंवा मज्जारज्जूत अडकले तर हातपाय लुळे पडू शकतात. असे क्वचित घडते, पण घडले तर गंभीर असते.

म्हणून नियम लक्षात ठेवा. एकदाच बुडी घेतली असेल, तर विमानापूर्वी निदान १२ तास जाऊ द्यावेत. एकाच दिवशी अनेकदा किंवा सलग काही दिवस बुड्या घेतल्या असतील, तर निदान १८ तास. पूर्ण २४ तास सोडलेले सर्वांत बरे. डोक्यावर हवेचे शिरस्त्राण घालून समुद्रतळावर चालण्यालाही हाच नियम लावावा. पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगून मासे पाहण्यास मात्र हरकत नाही.

मालवणला जाणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे. तेथून परतताना घाट चढावा लागतो आणि आपले गावही समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचावर आहे. तेथील बुडी बहुधा उथळ व थोड्या वेळाची असते, त्यामुळे धोका कमी; तरीही त्या दिवशी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघावे.

सर्दीने कान बंद असतील, दमा किंवा हृदयविकार असेल, दिवस गेलेले असतील, तर बुडी घेऊच नये. वर येताना श्वास कधीही रोखून धरू नये. फुप्फुसाला इजा होते.

बुडीनंतर दिवसभरात सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, अशक्तपणा किंवा धाप जाणवली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून झोपू नका. लगेच डॉक्टरांकडे जा आणि आपण बुडी घेतली होती हे आवर्जून सांगा. न सांगितल्यास निदान चुकण्याचा संभव असतो. शुद्ध प्राणवायू व दाबाच्या बंद कक्षातील उपचार वेळेवर मिळाल्यास रोगी बहुधा बरा होतो.

तेव्हा बुडी सहलीच्या आरंभी उरका. शेवटचा दिवस सेल्युलर जेल पाहण्यासाठी आणि आजीसाठी शंख-शिंपले घेण्यासाठी ठेवा.