भाजलेलं कातडं दिसतं, झिजलेलं हाड दिसत नाही

नागपूरजवळच्या कळमेश्वर एमआयडीसीत भट्टीजवळ काम करणारा असो की अमरावती रोडवरच्या बारूद कारखान्यातला, भाजलेला माणूस घरी आला की सगळे बघतात ते त्याची कातडी. १३ जून २०२४ ला धामन्याच्या स्फोटक कारखान्यात कामगार होरपळले. अशा वेळी बोलणं होतं ते किती टक्के भाजलं याचंच.

‘हाड तर आत असतं, त्याला काय होणार?’ होतं. शरीराचा ४० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त भाग भाजला की कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक भडकतं, दाह अंगभर पसरतो आणि हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात. त्यात महिनोन्‌महिने अंथरूण. मुलांची तर उंचीही खुंटू शकते.

‘आमच्याकडे उन्हाला काय तोटा? ड जीवनसत्त्व आपोआप मिळेल.’ विदर्भात हे पटकन पटतं, म्हणूनच सगळ्यात फसवं. गॉर्डन क्लाईन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली भाजलेल्या मुलांची त्वचा तपासली. व्रणाची कातडी आणि तिच्या शेजारची चांगली दिसणारी कातडीसुद्धा ड जीवनसत्त्वाचा कच्चा माल नीट तयार करत नव्हती. शिवाय नवी कातडी उन्हात काळवंडते, म्हणून ती झाकावीच लागते. मग रक्त तपासून औषधातूनच ड घ्यावं लागतं.

मग कॅल्शियमच्या गोळ्या? हाडाची बांधणीच थंडावलेली असताना नुसता माल ओतून भिंत उभी राहत नाही. मनाने गोळ्या वाढवू नयेत. पामिड्रोनेट हे हाडाची झीज रोखणारं औषध भाजल्यानंतर लवकर दिलं, तर मुलांचं हाड टिकतं, असं २००५ च्या चाचणीत दिसलं. पण ते द्यायचं की नाही, हे डॉक्टरच ठरवतील.

दूध-भाताने पू होतो, हे तर आजीबाईंपासून चालत आलंय. पू जंतुसंसर्गाने होतो. भाजल्यानंतरच्या काळात शरीर स्वतःचेच स्नायू जाळत असतं. दूध, अंडी, डाळ बंद करणं म्हणजे रोग्याला उपाशी ठेवणं.

‘हलवलं तर कातडी फाटेल’ म्हणून कोपर दुमडूनच ठेवतात. ते तसंच आखडतं. नव्या त्वचारोपणानंतरचे थोडे दिवस सोडले तर फिजिओथेरपिस्ट सांगेल तशी हालचाल हवी, आणि उभं राहून चालणं हाडाला हवंच. याच्या उलट टोकाला जाऊन तेल लावून जोराने ओढाओढ करणारेही आहेत. तेही नको. भाजल्यानंतर कधीकधी सांध्याभोवती, बहुधा कोपराशी, नको तिथे हाड तयार होतं. काल तोंडापर्यंत जाणारा हात आज घास नेताना अडला, कोपर सुजलं, दुखू लागलं, तर चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.