संगणकाची पाटी कोरी करताना

‘फॅक्टरी रीसेट मारून टाका, नव्यासारखा होईल,’ असे दुकानदार सांगतो आणि आपण मान डोलावतो. या एवढ्याशा वाक्यात दोन आश्वासने दडलेली असतात. एक असे, की यंत्र पहिल्यासारखे होईल. आणि दुसरे, न बोलता दिलेले, की त्यात आपले जे काही होते ते समूळ नाहीसे होईल. वाचकहो, यांतले पहिले पुष्कळ अंशी खरे आहे. दुसरे मात्र खरे ठरेलच असे नाही. आणि गंमत पाहा, ज्याला आपले कागद राखायचे असतात त्याचे जातात, आणि ज्याला ते नष्ट व्हावयास हवे असतात त्याचे मागे राहतात! असे का घडते ते समजण्यासाठी यंत्राच्या पोटात थोडेसे डोकावले पाहिजे. फार खोल नव्हे. तुमच्याआमच्यासारख्याला पुरेल एवढेच.

प्रथम हे ‘मूळ’ म्हणजे काय, ते पाहू. १९८० नंतरच्या काही वर्षांत घराघरांत आणि शाळांत जे छोटे संगणक आले, त्यांना हा प्रश्नच ठाऊक नव्हता. कमोडोर ६४ घ्या किंवा बीबीसी मायक्रो घ्या. आपल्याकडे १९८४ साली शाळांतून संगणक शिकविण्याची जी योजना सुरू झाली, तिच्यात हेच बीबीसी मायक्रो आले होते. त्यांची मुख्य आज्ञावली एका चिपेत कायमची कोरलेली असे. शिलालेखच म्हणा ना! ती वाचता येई, पुसता किंवा बदलता येत नसे. मुलाने काहीही घोळ घालावा, गुरुजींनी बटण बंद करून पुन्हा चालू करावे, की यंत्र कारखान्यातून आले तसे समोर हजर.

पुढे संगणकाचा संसार वाढला. मुख्य आज्ञावली एवढी मोठी झाली, की ती चिपेत मावेना. शिवाय तिच्यात वारंवार दुरुस्त्या कराव्या लागू लागल्या. म्हणून ती हार्ड डिस्कवर, म्हणजे जिथे आपली पत्रे, फोटो, हिशेब ठेवले जातात त्याच तबकडीवर राहावयास आली. मालक आणि भाडेकरू एकाच वाड्यात! आता बटण बंद करून काही भागेना. मग कंपन्यांनी युक्ती काढली. आधी यंत्राबरोबर सीडी देत, आणि नंतर हार्ड डिस्कचाच एक कोपरा कुंपण घालून वेगळा ठेवीत. या छुप्या कोपऱ्यात विकत घेतेवेळच्या स्थितीची एक नक्कल बंद करून ठेवलेली असे. रीसेट म्हणजे काय, तर मूळ खोलीतले सगळे सामान बाहेर फेकायचे आणि त्या नकलेवरहुकूम खोली पुन्हा मांडायची. यात यंत्र खरोखरच खरेदीच्या दिवशी जाऊन पोचे. चार वर्षांच्या दुरुस्त्या गेल्या, आणि दुकानातून आलेले नको ते प्रोग्रॅम मात्र परत आले, असा अनुभव अनेकांना त्या काळी आला असेल.

विंडोज १० ही आवृत्ती २०१५ साली आली, तेव्हा ही रीत बदलली. ती वेगळी नक्कल न ठेवता संगणकात आज ज्या फायली आहेत, त्यांतूनच नवी मांडणी उभी करते. म्हणजे आजचा रीसेट तुम्हाला खरेदीच्या दिवसाकडे नेत नाही. तो आजच्याच आवृत्तीचे नवे घर बांधून देतो. ‘फॅक्टरी’ हा शब्द त्यामुळे आता अर्धा खोटा झाला आहे, पण शब्द एकदा रुळला की कोण ऐकतो! घरातल्या विटाच खराब असतील, तर ‘क्लाउड डाउनलोड’ म्हणून एक मार्ग २०२० पासून मिळाला आहे. त्यात नव्या विटा इंटरनेटवरून आणल्या जातात. चार जीबीहून अधिक माल उतरवावा लागतो, तेव्हा मोबाइलच्या डेटावर हा उद्योग करणाऱ्याने आधी शिल्लक पाहावी.

आता, रीसेट करावा केव्हा? संगणक मंद झाला, खिडक्या आपोआप उघडू लागल्या, एखादा विषाणू शिरला, तर जरूर करावा. बहुतेक विषाणू त्यात धुऊन निघतात. बहुतेक म्हणण्याचे कारण असे, की २०१८ साली इसेट या स्लोव्हाकियातील कंपनीच्या संशोधकांनी लोजॅक्स नावाचा असा एक चोर पकडला, जो हार्ड डिस्कवर राहतच नव्हता. संगणक चालू होताना सर्वांत आधी जागी होणारी जी चिप असते, तिच्यात तो दडून बसे. तबकडी कितीही धुवा, तो पुन्हा हजर. अशी उदाहरणे विरळा. सामान्य माणसाने त्यापायी झोप घालवू नये. त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा असे होते, की दुखणे मुळात आज्ञावलीचे नसतेच. हार्ड डिस्क आतून टकटक आवाज करते आहे, पंख्यात धूळ दाटली आहे, यंत्र तापून बंद पडते आहे. इथे रीसेट करणे म्हणजे पाय मोडलेल्याला जुलाब देणे! उलट मरू घातलेल्या तबकडीवर रीसेटचा भार टाकला, तर ती तेवढ्यातच राम म्हणायची. अशा वेळी आधी कागद बाहेर काढावेत, मग वैद्यबुवांना बोलवावे.

रीसेटच्या पडद्यावर आल्यावर यंत्र पहिलाच प्रश्न विचारते : ‘कीप माय फाइल्स’ की ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’? माझ्या फायली राखा, की सगळेच काढा? यातला पहिला पर्याय दिसायला फार साळसूद आहे. फायली राखणार म्हणतो आहे, मग काळजी कसली? तर काळजी अशी, की ‘फायली’ या शब्दाचा त्याचा अर्थ आणि आपला अर्थ एक नव्हे. तुमच्या नावाच्या कपाटातील कागद आणि फोटो तो राखतो. तुम्ही बाहेरून आणून बसविलेले प्रोग्रॅम मात्र काढून टाकतो, आणि काढलेल्यांची एक यादी तेवढी पडद्यावर ठेवतो. आता काही जुने हिशेबाचे प्रोग्रॅम आपली खातेवही स्वतःच्याच पेटीत ठेवतात. प्रोग्रॅम गेला की पेटी गेली, आणि पेटीबरोबर वहीही गेली.

मराठीत लिहिणाऱ्यांचे म्हणून आणखी एक वेगळे दुखणे आहे, आणि ते जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. देवनागरी लिपी युनिकोड या जागतिक संकेतात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. पण आपले छापखाने, साप्ताहिके, शाळेचे कारकून आणि हौशी लेखक पुढे कितीतरी वर्षे श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटांतच लिहीत राहिले. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी ‘क’ हा ‘क’ नसतोच. तिथे एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठविलेले असते, आणि फाँट त्यावर ‘क’चा मुखवटा चढवितो. रीसेटमध्ये बाहेरून आणलेले प्रोग्रॅम गेले, की त्यांच्याबरोबर आलेले फाँटही गेले. म्हणजे मुखवटे गेले. मग गावाचा इतिहास म्हणून एखाद्याने दहा वर्षे खपून लिहिलेली फाइल उघडावी, तर आत इंग्रजी अक्षरे, प्रश्नचिन्हे आणि डोक्यावर टोप्या घातलेले चमत्कारिक स्वर! माणूस घाबरून म्हणतो, सगळे गेले. अहो, गेलेले काही नाही. तोच फाँट पुन्हा बसविला, की मजकूर जशाचा तसा उभा राहतो. धोका आहे तो घाबरण्यात; कारण ‘ही फाइल बिघडली’ म्हणून ती पुसून टाकणारे निघतात. तेव्हा रीसेटच्या आधी फाँटांची नावे कागदावर उतरून घ्यावीत, त्यांची सीडी किंवा परवाना कुठे आहे ते पाहावे, आणि शक्य असेल तर तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. ही रूपांतरे करणारे प्रोग्रॅम मिळतात. जोडाक्षरांत आणि रफारांत ते थोडे अडखळतात, म्हणून एकदा डोळ्यांखालून घालावे लागते, इतकेच.

दुसरी एक गोष्ट : हल्ली अनेक लॅपटॉपांची तबकडी आपोआप कुलूपबंद केलेली असते. रीसेटच्या वाटेवर यंत्र कधी कधी अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली मागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते; पण त्या खात्याचा पासवर्ड याच लॅपटॉपात लिहून ठेवला असेल, तर मग तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहिली म्हणायची. आणि वीज! या कामाला तासन् तास लागू शकतात. लॅपटॉप असला तरी चार्जर लावूनच बसावे, आणि भारनियमनाची वेळ टाळावी.

इथवर राखण्याचे झाले. आता पुसण्याचे.

जुना संगणक आपण विकतो, पुतण्याला देतो, शाळेला दान करतो. अशा वेळी ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडले, की आपण निश्चिंत होतो. पण संगणकाचे पुसणे कसे असते ते ऐका. गावच्या सातबाऱ्याची आठवण करा. नमुना सातमध्ये जमीन कोणाची ते लिहितात, नमुना बारामध्ये पीक कोणते ते लिहितात. समजा, तलाठ्याने सातवरचे तुमचे नाव कमी केले. म्हणून शेतातली उभी ज्वारी लगेच नाहीशी झाली काय? ती तिथेच डुलत असते; दुसरा कोणी येऊन नांगर घालीपर्यंत ती जात नाही. हार्ड डिस्कचे अगदी तसेच आहे. फाइल पुसली, की फक्त तिची नोंद जाते आणि ‘ही जागा मोकळी आहे’ असा शेरा पडतो. मजकूर जागच्या जागी असतो, आणि सहज मिळणाऱ्या प्रोग्रॅमने तो परत उभा करता येतो.

ही केवळ तर्काची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील एमआयटीचे सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोघांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क बाजारातून विकत घेतल्या आणि २००३ साली आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी १२९ चालू स्थितीत होत्या. नीट पुसलेल्या किती निघाल्या, सांगा पाहू? अवघ्या १२! बाकीच्यांत पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे आकडे, खाजगी पत्रे, दवाखान्यातील माहिती असा ऐवज सापडला. एक डिस्क तर इलिनॉयमधील पैसे देणाऱ्या यंत्रातून आलेली दिसत होती. तिच्यात लोकांचे खाते क्रमांक होते. विकणाऱ्यांपैकी अनेकांनी आपल्या परीने तबकडी ‘साफ’ केलेली होती, ही यातली खरी मेख. तेव्हापासून संगणकाची रचना सुधारली आहे. पण फसवणूक करणाऱ्यांची हौसही तेवढीच वाढली आहे. आज आपल्या संगणकात आधारची प्रत असते, पॅन कार्ड असते, सोसायटीचा करारनामा असतो आणि लग्नाचे फोटोही असतात.

मग उपाय? विंडोजच्या त्याच पडद्यावर ‘चेंज सेटिंग्ज’ म्हणून एक बारीक ओळ असते. बहुतेक जण तिच्याकडे पाहतही नाहीत. तिच्यात ‘क्लीन डेटा’ असा एक खटका आहे, आणि तो सहसा बंद असतो. तो चालू केला, की यंत्र नुसती नोंद खोडून थांबत नाही, सबंध शेतात नांगर फिरविते. वेळ पुष्कळ लागतो. रात्री लावून सकाळी पाहावे. तिथेच दुसरा खटका आहे, सर्व ड्राइव्हवरील फायली काढाव्यात की नाही, हे विचारणारा. हा आपल्याकडे फार महत्त्वाचा. कारण आपले दुकानदार तबकडीचे सी, डी, ई असे वाटे करून देत आले आहेत, आणि ‘सी जाते, डी राहते’ म्हणून आपण सगळे मौल्यवान सामान डीमध्ये ठेवतो. रीसेट सीवर होतो. डी अस्सल, अभंग, जशीच्या तशी नव्या मालकाच्या हवाली!

तबकडी पस्तीस वेळा पुसावी लागते, असे एक वचन तुमच्या कानावर कधी आले असेल. त्याचा उगम न्यूझीलंडचे पीटर गुटमन यांच्या १९९६ सालच्या एका निबंधात आहे. तो त्या काळच्या निरनिराळ्या जातींच्या तबकड्यांसाठी होता. पुढे खुद्द गुटमन यांनीच सांगितले, की आधुनिक तबकडीला पस्तीस फेऱ्यांची गरज नाही. फिरत्या तबकडीवर एक पूर्ण फेरी साधारणतः पुरते.

तबकडीऐवजी चिपा असलेली जी एसएसडी हल्ली येते, तिची तऱ्हा वेगळी. ती आपला झीज-तोटा वाटून घेण्यासाठी मजकूर आतल्या आत जागा बदलून लिहिते. त्यामुळे वरून नांगर फिरविला तरी तो नेमका त्याच वाफ्यावर फिरेल, याची हमी नाही. तिथे कुलूपच कामी येते. मजकूर पहिल्यापासून गुप्तलिपीत साठविलेला असला, की पुसायचे काय, तर फक्त किल्ली. किल्ली नष्ट झाली, की उरलेला सारा मजकूर म्हणजे निरर्थक अक्षरांचा ढीग. अलीकडच्या ॲपल संगणकांवर आणि बहुतेक फोनांवर ‘इरेझ’ची आज्ञा क्षणात पुरी होते, ती याचमुळे. आपली विंडोज तशी कुलूपबंद आहे की नाही, हे विकायच्या दिवशी नव्हे, आजच पाहून ठेवावे. नसेल तर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, जे असेल ते चालू करावे आणि किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवावी.

राहिला तो मेलेला संगणक, जो चालूच होत नाही. त्याला रीसेट करता येत नाही, म्हणून तो तसाच भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. आणि त्याची तबकडी मात्र आत ठणठणीत असते. ती काढणे अवघड नाही. चारपाच स्क्रू असतात, कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला तुमच्यादेखत काढून देईल. तीत काही हवे असेल, तर तिला एक छोटी केस घालून दुसऱ्या संगणकाला जोडावे आणि आपले कागद उतरून घ्यावेत. नको असेल, तर तिच्यातून आरपार दोनतीन भोके पाडावीत. एसएसडी असेल तर तिची प्रत्येक चिप फुटली पाहिजे. मग उरलेले धूड खुशाल ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावे.